मेंदूचा लगाम

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे लग्न होते. अक्षता पडून पंगत बसली होती आणि वाढप चालू होते. एवढ्यात माझा मामेभाऊ, जो तेव्हा अकरावीत होता, पानावरून उठता उठता कोसळला. अंग ताठ झाले, मग हातापायांना झटके येऊ लागले, तोंडाला फेस आला. 'फेफरे आले, फेफरे आले' असा एकच गलका झाला. कोणी कांदा फोडून आणला, कोणी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. शेवटी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. मिनिट-दीड मिनिटाने झटके थांबले. 'बघा, चपलेने उतरले की नाही!' असे म्हणून त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि पंगत पुन्हा सुरू झाली. मामी मात्र भिंतीला टेकून बसली ती उठेना. मुलाच्या दुखण्याइतकेच, चारचौघांत त्याच्या नाकाला चप्पल लावली गेली हे तिला लागले होते.

पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले की मेंदूतल्या पेशी एकदम, बेफामपणे विजेचे संदेश सोडू लागल्या की असे होते. हे ऐकल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला : 'हे सुरू का होते?' माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न घोळत राहिला : ते थांबले कशाने? चपलेने नव्हे, हे तर उघडच आहे. मग कशाने?

मी कला शाखेची, मानसशास्त्राची विद्यार्थिनी. रसायन आणि भौतिकी शाळेतच मागे राहिली. तरी या प्रश्नाच्या मागे लागून मी ग्रंथालयात जे वाचले, ते माझ्यासारख्याच वाचकांसाठी येथे मांडत आहे. या साऱ्या कथेचा नायक आहे एक साधा क्षार, पोटॅशियम. केळ्यात, शहाळ्याच्या पाण्यात असतो तोच.

प्रथम मज्जापेशी स्वस्थ असताना कशी असते ते पाहू. मज्जापेशी म्हणजे खाऱ्या पाण्यात बुडालेली आणि आतही खारे पाणी भरलेली एक इवली पिशवी, असे समजा. पिशवीचे कापड स्निग्ध पदार्थाचे; त्याला पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरचा सुमारे २ लाखावा भाग. आतले आणि बाहेरचे पाणी मात्र सारखे नसते. बाहेर समुद्राप्रमाणे सोडियम मुबलक, तर आत पोटॅशियम मुबलक, बाहेरच्या सुमारे ४० पट. हा फरक आपोआप राहत नाही. पटलात बसविलेला एक प्रथिनांचा पंप एका खेपेला ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली हा पंप शोधून काढला आणि त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपला मेंदू वजनाने शरीराच्या फक्त २ टक्के असून शक्तीचा सुमारे २० टक्के वाटा खातो. त्यातला मोठा हिस्सा या पंपाच्या रहाटगाडग्यावर खर्च होतो.

पटलात पंपाप्रमाणेच काही अरुंद दारेही असतात. ही दारेसुद्धा प्रथिनांचीच. स्वस्थ पेशीत जी थोडी दारे उघडी असतात, ती बहुतेक फक्त पोटॅशियमला जाऊ देणारी. आता आत दाटी आणि बाहेर मोकळीक म्हटल्यावर पोटॅशियम बाहेर पडू लागणारच. पण प्रत्येक पोटॅशियम आयन आपल्याबरोबर एक धन विद्युत्भार घेऊन जातो. त्यामुळे पेशीचा आतला भाग ऋण होतो, आणि ऋणभार धनभाराला मागे ओढतो. दाटी बाहेर ढकलते, वीज आत ओढते. या दोन्हींचे बळ सारखे झाले की ये-जा बरोबरीची होते. एवढे व्हायला फार थोडे आयन बाहेर जावे लागतात. भरल्या रांजणातून दोन थेंब गेले तर रांजण जसा भरलेलाच दिसतो, तसे आतले पोटॅशियम जवळजवळ होते तेवढेच राहते. थोडे सोडियमही आत झिरपत असल्याने प्रत्यक्षात आतला विद्युत्दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलीव्होल्टने कमी राहतो. ७० मिलीव्होल्ट म्हणजे बॅटरीतल्या साध्या सेलच्या विसावा भागही नाही. पण पटल इतके पातळ आहे की जाडीच्या हिशेबाने हा ताण दर सेंटीमीटरला लाखाहून अधिक व्होल्ट भरतो! पेशी स्वस्थ असते ती अशी : ताणलेल्या धनुष्यासारखी.

जर्मनीच्या युलियस बर्नश्टाइन यांनी १९०२ साली पोटॅशियमबद्दलची ही कल्पना मांडली होती. परंतु पेशीच्या आत शिरून मोजायचे कसे? आपल्या मज्जातंतूंची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. ही अडचण सोडविली एका सागरी जीवाने. कोकणच्या बाजारात माकूल म्हणून जो मिळतो, त्याच्या कुळातल्या स्क्विड या प्राण्याच्या अंगात अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असा एक मज्जातंतू असतो. संकट आले की पाण्याची पिचकारी मारून झटकन मागे सटकण्यासाठी त्याला तो लागतो. १९३९ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथे अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी या तंतूत बारीक काचनळी सरकविली आणि संदेश जाताना आतला दाब कसा बदलतो ते प्रथमच मोजले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि काम काही वर्षे थांबले. युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले आणि १९५२ साली त्यांचे प्रसिद्ध निबंध छापून आले.

त्यांना दिसले ते असे. पेशीला एखादा पुरेसा धक्का बसला की सोडियमची दारे फटकन उघडतात. बाहेरचे सोडियम आत घुसते, आतला ऋणभार फिटतो आणि क्षणभर आतला भाग चक्क धन होतो. हा झाला संदेशाचा चढ. सोडियमची दारे लगेच आपोआप अडतात. पण तेवढ्यावर पेशी वेगाने मूळ पदावर येत नाही. तिला खाली आणण्याचे मुख्य काम करतात पोटॅशियमची जादा दारे. तीही त्याच धक्क्याने उघडतात, पण किंचित उशिरा. पोटॅशियम बाहेर धावते, आपला धनभार घेऊन जाते आणि आतला भाग पुन्हा ऋण होतो. काही काळ तर पूर्वीपेक्षाही जास्त ऋण. चढ आणि उतार मिळून सारा खेळ सुमारे १ मिलिसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा.

यात मला सर्वांत नवल वाटले ते त्या 'किंचित उशिरा'चे. पोटॅशियमची दारे सोडियमच्या बरोबरीने उघडली असती तर चढ झालाच नसता. संदेश जन्मापूर्वीच विझला असता. ती फारच उशिरा उघडली असती तर एकेक संदेश लांबत गेला असता आणि पेशी पुढच्या संदेशाला वेळेवर मोकळी झाली नसती. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी हा उशीर गणितात बांधला. केंब्रिजचा संगणक त्या वेळी काही महिने बंद होता, म्हणून हक्स्ली यांनी हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. तंतूतून धावणाऱ्या एका संदेशाचे गणित करायला सुमारे तीन आठवडे लागले. जे मज्जातंतू हजारांश सेकंदात करतो, त्याचा हिशेब मांडायला माणसाला तीन आठवडे! दोघांना १९६३ साली जॉन एकल्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

तबला वाजविणाऱ्यांना हे लवकर पटेल. खुला बोल वाजवून तळवा वेळीच टेकविला नाही तर त्याची गुंज पुढच्या बोलात मिसळते आणि ठेका गढूळ होतो. थाप जितकी महत्त्वाची, तितकेच ते दाबणे. मेंदूच्या ठेक्यात थाप सोडियमची, तर दाबणारा तळवा पोटॅशियमचा.

आणि हा तळवा एकाच प्रकारचा नाही. मेंदूतल्या काही पेशी संथपणे, जणू विचार करून, एकेक संदेश सोडतात. काही सेकंदाला शेकडो सोडतात. काही आरंभी घाई करून मग दमतात. धक्का तोच, तरी प्रत्येकीची चाल निराळी. याचे फार मोठे कारण म्हणजे कोणत्या पेशीत पोटॅशियमची कोणती दारे किती आहेत, हे होय. चढासाठी लागणाऱ्या, विद्युत्दाबाने उघडणाऱ्या सोडियमच्या दारांची मुख्य जनुके माणसात ९ आहेत. पोटॅशियमच्या दारांची सारी मिळून सुमारे ८० आहेत आणि त्यांतली निम्मी विद्युत्दाबाने उघडणाऱ्या दारांची आहेत. धावायला शिकविण्यापेक्षा आवरायला शिकविण्यावर निसर्गाने अधिक मेहनत घेतलेली दिसते.

या दारांचे चारच नमुने सांगते.

पहिला नमुना अधीर दाराचा. पेशी जरा कुठे उठू लागली की हे दार चटकन उघडते आणि तिला मागे खेचते. पण थोड्याच वेळात स्वतः अडते. त्यामुळे पहिला संदेश लांबणीवर पडतो आणि दोन संदेशांतले अंतर वाढते. कॉनर आणि स्टीव्हन्स यांनी १९७१ साली एका समुद्री गोगलगायीच्या पेशींत याचा अभ्यास केला. पेशी संथ चालीने संदेश सोडू शकते ती याच्या बळावर.

दुसरा नमुना चपळ दाराचा. हे संदेशाच्या ऐन शिखरावर उघडते आणि काम होताच झटकन मिटते. त्यामुळे पेशी लगेच पुढच्या संदेशाला मोकळी होते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कानांकडून आलेल्या संदेशांतील सूक्ष्म कालभेदावरून ठरवावे लागते. त्या वाटेवरच्या पेशींत हे दार भरपूर असते.

तिसरा नमुना हिशेबी दाराचा. प्रत्येक संदेशाबरोबर पेशीत थोडे कॅल्शियम शिरते. संदेश वाढत गेले की कॅल्शियम साठते आणि त्या साठ्याने हे दार उघडते. म्हणजे पेशी जितकी अधिक बडबड करील तितका लगाम अधिक खेचला जातो. सतत येणाऱ्या उत्तेजनाला पेशी हळूहळू कमी प्रतिसाद देऊ लागते, त्याचे हे एक कारण आहे. मधमाशीच्या विषातला अॅपामिन नावाचा घटक नेमके यातलेच एक दार बंद करतो.

चौथा नमुना मला विशेष आवडला. ब्राउन आणि अॅडम्स यांनी १९८० साली बेडकाच्या पेशींत तो दाखवून दिला. हे दार फार सावकाश उघडते, पण एकदा उघडले की आपण होऊन अडत नाही. गाडीचा हातब्रेक किंचित ओढून ठेवावा तसे ते पेशीला सदैव थोडे मागे धरून ठेवते. अॅसिटिलकोलीन हे रसायन पेशीवर येऊन पोचले की हे दार मिटते, ब्रेक सुटतो आणि तोवर गप्प असणारी पेशी त्याच धक्क्याला भराभर उत्तर देऊ लागते. जागेपणाशी आणि अवधानाशी या रसायनाचा निकटचा संबंध आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकात आपण 'अवधान' हा शब्द किती सहज वाचून जातो! त्याच्या तळाशी अशी लाखो दारे मिटत असतील, हे मनात आले नव्हते.

आता एक कोडे उरते. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे. मग ज्या दारातून मोठा जातो त्यातून लहान का जाऊ शकत नाही? घराच्या दारातून थोरला गेला आणि धाकटा अडला, असे कधी झाले आहे काय? याचे उत्तर असे, की पाण्यात कोणताही आयन एकटा नसतो. पाण्याचे कण त्याला शालीसारखे वेढून असतात. दारात शिरताना ही शाल उतरवावी लागते आणि ते सोपे नाही. पोटॅशियमच्या दाराच्या अरुंद भागात प्राणवायूचे अणू असे नेमक्या अंतरावर मांडलेले असतात की पोटॅशियमला ती जागा आपल्या शालीइतकीच उबदार वाटते. लहान सोडियमला मात्र ते अणू पुरेसे जवळ येऊन कवेत घेऊ शकत नाहीत. तेव्हा तो शाल सोडून आत शिरत नाही. १९९८ साली अमेरिकेत रॉडरिक मॅकिनन यांनी मातीतल्या एका जंतूच्या पोटॅशियम-दाराची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने अणूंच्या पातळीवर दाखविली तेव्हा ही मांडणी डोळ्यांना दिसली. मॅकिनन मुळात डॉक्टर; रुग्णसेवा सोडून ते संशोधनाकडे वळले होते. २००३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एवढी कडक पारख करूनही अशा एका दारातून सेकंदाला काही कोटी आयन निघून जाऊ शकतात.

या दारांत बिघाड झाला तर काय होते, याची पहिली सूचना एका माशीने दिली. फळांवर बसणाऱ्या चिलटांसारख्या माश्यांच्या एका जातीला ईथर हुंगविले की पाय थरथरू लागत. म्हणून तिच्या जनुकाला 'शेकर' असे नाव पडले. १९८७ साली ते जनुक हाती आले तेव्हा कळले की ते पोटॅशियमच्या दाराचे आहे. पुढे माणसांतही हेच दिसू लागले. त्याच कुळातल्या एका दाराच्या दोषामुळे माणसाचा तोल अधूनमधून जातो, हे १९९४ साली उघड झाले. आणि १९९८ साली असे आढळले की काही घराण्यांत जन्मल्यावर थोड्याच दिवसांत बाळांना झटके येतात, त्यांच्या त्या 'हातब्रेक' दारातच दोष असतो. ब्रेक थोडा सैल, तर झटके. लगाम म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

आपल्या मातीतलाही एक दाखला आहे. कोकणात लाल विंचवाचे भय पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच्या विषातले मुख्य घटक सोडियमची दारे मिटू देत नाहीत, तर काही घटक पोटॅशियमची दारे बुजवितात. थाप थांबत नाही आणि तळवाही पडत नाही. मज्जातंतू पेटून उठतात आणि त्याचा तडाखा हृदयाला बसतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने या तडाख्याला आवर घालता येतो हे दाखविले आणि कितीतरी जीव वाचविले. त्याच विंचवाच्या विषातून वेगळा काढलेला एक घटक आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोटॅशियमचे एक दार ओळखण्यासाठी वापरतात.

मग हा ब्रेक औषधाने आवळता येणार नाही का? तसा प्रयत्न झाला. रेटिगॅबिन नावाचे औषध ते 'हातब्रेक' दार अधिक उघडे ठेवीत असे. २०११ साली त्याला परवानगी मिळाली. पण काही रुग्णांच्या त्वचेवर आणि डोळ्यांच्या पडद्यावर निळसर रंग चढू लागला, त्याचा वापर घटत गेला आणि २०१७ साली ते बाजारातून काढून घेण्यात आले. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही नेहमीची औषधे मुख्यतः सोडियमच्या दारांवर काम करतात. कल्पना मात्र मेलेली नाही. याच दाराला लागू पडणाऱ्या नव्या औषधांचा शोध चालू आहे.

आता पुन्हा त्या पंगतीकडे वळते. झटक्यांची कारणे अनेक असतात, आणि प्रत्येक रुग्णात पोटॅशियमच्या दारातच दोष असतो असे मुळीच नाही. माझ्या मामेभावाच्या दुखण्याचे मूळ काय, हे मी सांगू शकत नाही. परंतु सुरुवात कशानेही होवो, बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपले आपणच थांबतात. पेशी बेफाम झाल्या की त्यांच्यात कॅल्शियम साठते, पोटॅशियमची हिशेबी दारे उघडतात, शेजारच्या आधारपेशी बाहेर सांडलेले जादा पोटॅशियम शोषून घेतात, पंप जोराने चालू लागतो. शिवाय इतरही काही रासायनिक लगाम खेचले जातात. मेंदू स्वतःला आवरतो.

म्हणजे त्या दिवशी माझा मामेभाऊ जमिनीवर पडलेला असताना त्याच्या मेंदूतली असंख्य दारे त्याच्यासाठी झुंजत होती. आणि ती जिंकत आली त्याच वेळी बाहेरून चप्पल आली आणि श्रेय घेऊन गेली. कांदा, किल्ल्या, चप्पल हे उपाय शतकानुशतके टिकले ते याचमुळे : ते नेहमी शेवटी येतात, आणि झटका तर थांबणारच असतो.

अशा वेळी काय करावे, हेही सांगून ठेवते, कारण असा प्रसंग वर्गात, वसतिगृहात, एस. टी. स्टँडवर आपल्यापैकी कोणापुढेही येऊ शकतो. रुग्णाभोवतीच्या टोकदार, कठीण वस्तू दूर कराव्यात. डोक्याखाली घडी केलेले कापड सरकवावे. झटके चालू असताना हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. जमेल तेव्हा त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा आला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. आणि गर्दी पांगवावी. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा दिसावा तो एखादा ओळखीचा, शांत चेहरा.

माझा मामेभाऊ आता वेळच्या वेळी गोळ्या घेतो आणि महाविद्यालयात शिकतो आहे. परवा त्याला हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ताई, हे एकदा आईला सांग." मी सांगितले. आयन, पटल, मिलीव्होल्ट यांतले मामीला काही कळले नसेल. पण "त्याचा तो आपणच सावरला, मामी, चपलेने काही केले नाही," एवढे म्हटले, तेव्हा तिने पदराने डोळे टिपले आणि मला चहा टाकायला ती आत गेली.